पेंटबॉलमध्ये स्नायपर: मार्कर निवडण्यापासून पहिली गोळी बसवण्यापर्यंत

स्नायपरसाठी मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, घ्यायला निघालेल्याच्या डोळ्यांसमोर एक चित्र पक्कं असतं: हातभर लांब बॅरल, वर भलामोठा स्कोप, खाली बायपॉड. असे मार्कर मिळतातही. पण मैदानात उतरल्यावर समोरचा खेळाडू भाड्याच्या साध्या मार्करने तेवढ्याच अंतरावरून उत्तर देतो आणि आपल्या बॅरलचं टोक मात्र झुडपातून बाहेर डोकावत राहतं.

कारण सरळ आहे. मैदानावरच्या प्रत्येक मार्करचा वेग क्रोनोग्राफवर मोजला जातो आणि मर्यादा सगळ्यांना एकच असते. वरची हद्द साधारणपणे ३०० एफपीएस (फूट प्रति सेकंद), म्हणजे सेकंदाला सुमारे ९१ मीटर. बरीच मैदानं २८० किंवा २८५ वरच थांबवतात, बंदिस्त जागेत तर त्याहून पुष्कळ कमी. गोळीही सगळ्यांची सारखीच: ०.६८ कॅलिबर, वजन जवळपास ३ ग्रॅम. त्याच वजनाची गोल गोळी त्याच वेगाने सुटली, तर ती कुठल्या मार्करमधून सुटली याला हवा काडीची किंमत देत नाही.

हवेचा रोध धरून हिशेब केला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २८० एफपीएसने सुटलेली गोळी ३० मीटरवर पोचेपर्यंत जवळजवळ निम्मा वेग गमावते आणि त्या प्रवासाला तिला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात ती सुमारे १ मीटर खाली येते. ५० मीटरवर पोचायला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि घसरण ४ मीटरच्या घरात जाते. चालणारा माणूस एका सेकंदात सव्वा-दीड मीटर पुढे सरकतो. म्हणजे नेम अचूक असला, तरी ५० मीटरवरचा हलता खेळाडू गोळी पोचेपर्यंत त्या जागी नसतोच. शिवाय तिथवर वेग इतका उतरलेला असतो की गोळी अंगावर फुटण्याऐवजी टप्पा खाऊन पडते.

मग स्नायपरच्या हातात उरतं काय? त्याला पुष्कळ वेळ स्थिर राहायचं असतं आणि त्यानंतरची एकच गोळी मोलाची असते. ती चुकली की जागा उघडी पडते. त्यामुळे मार्कर निवडताना ‘किती लांब मारतो’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘दहा मिनिटं गप्प राहिल्यानंतर पहिली गोळी त्याच वेगाने, त्याच जागी मारतो का’ हे विचारा. पुढची प्रत्येक पायरी या एका कसोटीवर बेतलेली आहे.

पेंटबॉलचा पहिला सामना २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात हेनिकर इथे झाला. १२ खेळाडू, हातात झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेली नेल्स्पॉट ००७ पिस्तुलं. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनकर्मी, आणि तोही एकही गोळी न झाडता. सामान घेण्यापूर्वी हे लक्षात ठेवलं तर खर्च आपोआप आटोक्यात येतो.

आधी मैदानाला विचारा

मार्कर घ्यायच्या आधी जिथे खेळणार त्या मैदानाचे नियम विचारून घ्या. वेगमर्यादा किती? फर्स्ट स्ट्राइक, म्हणजे मागे पाती असलेल्या लांबट गोळ्या, चालतात का? चालत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी वेगमर्यादा किंवा किमान अंतर आहे का? काही मैदानांवर त्यांना साफ मनाई असते. मग केवळ त्या गोळ्यांसाठी घेतलेला महागडा मार्कर साध्या गोळ्यांवरच चालवावा लागतो. फक्त मॅगझिनवाल्यांचे (गोळ्या काढता-घालता येणाऱ्या डबीतून भरणारे) किंवा फक्त पंपवाल्यांचे (प्रत्येक गोळी हाताने ओढून भरणारे) वेगळे खेळ होतात का, लेझरला परवानगी आहे का, हेही विचारा. आणि मैदान किती मोठं आहे ते डोळ्यांनी पाहा. आडोसे २०-२५ मीटरच्या आत असतील, तर या लेखातला निम्मा खर्च तुमच्यासाठी नाहीच.

गोळी आधी, मार्कर नंतर

बहुतेक जण आधी मार्कर घेतात आणि मग त्यात चालेल ती गोळी शोधतात. क्रम उलटा हवा, कारण अंतर आणि अचूकता या दोन्हींवर सर्वांत मोठा परिणाम गोळीचा होतो. पर्याय तीन आहेत.

पहिला, साधी गोल गोळी. जिलेटिनच्या कवचात रंग. शिवण असलेली, पूर्ण गोल नसलेली आणि आत द्रव असलेली ही वस्तू हवेत थोडी डावी-उजवीकडे भरकटणारच. चांगली गोळी आणि मापाचा बॅरल असेल तर ३०-३५ मीटरपर्यंत माणसाच्या धडावर भरवशाने बसते. त्यापलीकडे एका गोळीचा भरवसा धरू नका.

दुसरा, फर्स्ट स्ट्राइक. हिचा पुढचा भाग अर्धगोल आणि पेंटने भरलेला असतो, मागे तिरप्या पात्यांचा पोकळ घेर. उडताना ती पाती गोळीला फिरवत स्थिर ठेवतात आणि हवेचा रोधही कमी होतो. वेगाची मर्यादा तीच असली तरी ती वेग जास्त वेळ टिकवते, म्हणून उपयोगाचं अंतर साध्या गोळीच्या दीडपटीच्या आसपास जातं आणि फटक्यांचा घोळका कितीतरी लहान होतो, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ बसतात. ‘स्नायपर’ हा शब्द पेंटबॉलमध्ये खऱ्या अर्थाने शोभतो तो या गोळीमुळे. अडचणी दोन. एक, नगावर हिशेब केला तर ती साध्या गोळीच्या कितीतरी पट महाग पडते. दोन, तिला तोंड आणि शेपूट आहे, त्यामुळे हॉपरमधून, म्हणजे मार्करवर बसवलेल्या गोळ्यांच्या डब्यातून, ती जाऊच शकत नाही. मॅगझिन हवं, नाहीतर एकेक गोळी हाताने भरता येईल असा मार्कर.

तिसरा, उलटी फिरकी. टिपमनचा फ्लॅटलाइन बॅरल थोडा वाकडा असतो, एपेक्स बॅरलच्या टोकाला आत उतार असतो. दोन्हींत गोळी बॅरलच्या वरच्या बाजूला घासून मागच्या दिशेने फिरत निघते, त्यामुळे तिला हवेत उचल मिळते आणि मार्ग बराच वेळ सपाट राहतो. अंतर नक्की वाढतं. पण टोकाला पोचताना गोळीत जोर उरत नाही, म्हणून ती लांबवर पुष्कळदा न फुटता उसळते. फुटावी म्हणून पातळ कवचाची गोळी घातली, तर ती बॅरलमध्येच फुटते. समोरच्याला मान खाली घालायला लावायची असेल तर हा चांगला बॅरल आहे, एका गोळीत बाद करायचं असेल तर नाही.

यंत्रणा: पंप, मॅगझिन की साधा सेमी

पंप मार्कर प्रत्येक गोळीला हाताने ओढून भरावा लागतो. सीसीआयचा फँटम, एम्पायरचा स्नायपर ही यातली जुनी-जाणती नावं. भाग थोडे, वजन कमी, आवाज तुलनेने दबका, आणि हातोडी वाल्ववर आपटून हवा सोडते अशी साधी रचना. इथे चिकटून बसण्यासारखं फार काही नसतं, म्हणून थांबल्यानंतरची पहिली गोळीही सहसा ठीक सुटते. फँटमसारख्या मार्करला १२ ग्रॅमच्या छोट्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) नळकांडीवर २५-३० गोळ्या मिळतात. पाठीवर टाकी नको असणाऱ्याला ते सोयीचं. उणीव अशी की दुसरी गोळी मारायला हात हलवावा लागतो आणि झुडपात बसलेल्या माणसाची हालचाल गोळीच्या आधी दिसते.

पंपात बोल्ट, म्हणजे गोळीला मागून बॅरलमध्ये ढकलणारा दांडा, बंद स्थितीत थांबतो, गोळी बॅरलच्या तोंडाशी बसलेली असते. टेकाडावरून खाली नेम धरला आणि बॅरल सैल असेल, तर ती गोळी हळूच पुढे घरंगळते. कधी बॅरलमध्येच पुढे जाऊन थांबते, कधी सरळ बाहेर पडते. ट्रिगर ओढल्यावर नुसती हवा सुटते आणि तुमची जागा मात्र कळते. याचा इलाज बॅरलच्या मापात आहे, तो पुढे येतो. ‘बंद बोल्ट जास्त अचूक’ हा जुना समज मात्र मनातून काढून टाका. वेग, गोळी आणि बोअर (बॅरलचा आतला व्यास) सारखे असले तर बोल्ट कुठून सुरू झाला याने फटक्यांच्या घोळक्यात लक्षात येण्यासारखा फरक पडत नाही.

मॅगझिनवाले मार्कर फर्स्ट स्ट्राइकसाठी जवळजवळ अपरिहार्य. यात फर्स्ट स्ट्राइकचा टी-१५, प्लॅनेट एक्लिप्सचा ईएमएफ १००, डायचा डॅम ही परिचयाची नावं आहेत. कार्माटेकचा एसएआर १२ तर बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीच्या धर्तीवरच बनवलेला. वर हॉपर नसल्याने नजरेची रेषा मोकळी राहते, डोकं थोडंच वर काढावं लागतं आणि गोळ्यांचा खुळखुळाट होत नाही. घेताना एक गोष्ट दोनदा खात्री करून घ्या: मार्कर मॅगझिनवर चालतो म्हणजे फर्स्ट स्ट्राइकवरही चालतो असं नाही. काही मॅगझिनांची वाट फक्त गोल गोळीसाठीच वळवलेली असते. काहींत आतली पट्टी किंवा गोळी ढकलणारा तुकडा बदलावा लागतो. तो तुकडा सोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो, हे आधी विचारा.

मॅगझिनात गोळ्या भरून ती रात्रभर ठेवू नका. स्प्रिंगच्या दाबाने गोळ्या चपट्या किंवा अंडाकृती होतात आणि मग बोअर जुळवण्याची सगळी मेहनत पाण्यात जाते. खेळाच्या सकाळी भरा, उरलेल्या संध्याकाळी काढा.

साधा यांत्रिक सेमी (ट्रिगरच्या प्रत्येक ओढीला एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणारा), म्हणजे टिपमन ९८, ए-५ किंवा एमेकसारखा, स्नायपरला कमी लेखण्याजोगा नाही. हातात असा एखादा आधीच असेल तर नवीन घेण्यापूर्वी त्याला चांगला बॅरल, चांगली गोळी आणि स्थिर हवा देऊन पाहा. बऱ्याचदा शोध तिथेच संपतो. इलेक्ट्रॉनिक मार्करचा ट्रिगर हलका असतो आणि झटका मऊ. पण त्याच्या तासाला हजारो गोळ्या झाडायच्या ताकदीचा इथे उपयोग नाही, आणि पहिल्या गोळीचा प्रश्न सर्वांत जास्त त्याच्याकडेच येतो.

बॅरल: लांबी नव्हे, माप

हवेला गोळी ढकलायला साधारण ८ ते १२ इंच पुरतात. त्याहून लांब बॅरलमध्ये गोळीमागचा दाब जवळपास संपलेला असतो आणि उरलेली लांबी फक्त घर्षण देते. १८-२० इंचांचा बॅरल लावून पूर्वीचाच वेग हवा असेल तर जास्त हवा सोडावी लागते, एवढाच त्याचा परिणाम. लांबीचा खरा फायदा दोन ठिकाणी होतो: टोकाकडच्या भोकांमधून हवा सावकाश निघून आवाज दबतो, आणि लांब टोकाने झुडपाच्या फांद्या बाजूला सारता येतात. १२ ते १४ इंच लांबीचा, पुढच्या भागात भरपूर भोकं असलेला बॅरल या कामाला पुरेसा.

माप मात्र हजाराव्या इंचापर्यंत पाहायचं. ०.६८ हे नावापुरतं. प्रत्यक्षात गोळ्या साधारण ०.६७९ ते ०.६९१ इंच व्यासाच्या असतात, आणि दमट हवेत त्याच पिशवीतल्या गोळ्या दुपारपर्यंत फुगतात. म्हणून एकाच मापाचा कितीही महाग बॅरल घेण्यापेक्षा बदलत्या नळ्यांचा संच घ्या. फ्रीक पद्धतीच्या संचात ०.६७९, ०.६८२, ०.६८४, ०.६८७, ०.६८९, ०.६९१, ०.६९३ आणि ०.६९५ अशा नळ्या येतात. व्यवहारात लहान मापांच्या तीन-चारच नळ्या सारख्या लागतात.

मापाची चाचणी मार्करला न जोडलेल्या, स्वच्छ पुसलेल्या बॅरलवर करा:

१. त्या दिवशीच्या पेंटमधल्या, म्हणजे गोळ्यांच्या साठ्यातल्या, पाच-सहा गोळ्या घ्या. एकीवर कधीच निर्णय करू नका.
२. बॅरल उभा धरून मागच्या तोंडात गोळी ठेवा. ती आपोआप खाली घसरून बाहेर पडली तर बोअर मोठा आहे.
३. गोळी अडकून राहिली तर मागून फुंका. हलक्या फुंकरीने बाहेर आली तर माप जुळलं.
४. जोर लावूनही हलत नसेल तर बोअर गोळीपेक्षा लहान आहे.

यानंतर स्नायपरने थोडं लहानच घ्यावं. गोळीपेक्षा ०.००२ ते ०.००३ इंच लहान बोअर गोळीला घट्ट धरून ठेवतो. ती घरंगळत नाही, दर वेळी त्याच जागेवरून निघते, हवा बाजूने निसटत नाही आणि वेगातला चढ-उतार कमी होतो. ठिसूळ पेंट असेल आणि बॅरलमध्ये फुटू लागलं तर एक माप वर चढा.

रायफलिंगच्या, म्हणजे आत पीळदार खाचा असलेल्या बॅरलबद्दल विचारणा नेहमी होते. गोल गोळीत आतला द्रव कवचाबरोबर नीट फिरत नाही, त्यामुळे तिथे पैसे घालवण्यात अर्थ नाही. फर्स्ट स्ट्राइकला अशा बॅरलने फायदा झाल्याचं सांगणारे आहेत, पण गोळीला स्वतःची फिरकी आहेच. पहिल्या खरेदीत तो बॅरल येऊ नये.

घेण्यापूर्वी आटे तपासा. ऑटोकॉकर, स्पायडर, टिपमन ९८, टिपमन ए-५, आयन अशा वेगवेगळ्या जोडण्या आहेत आणि त्या एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीने फिरवला तर मार्करच्या तोंडाचे आटे जातात, आणि तो भाग बहुतेक वेळा बदलता येत नाही.

हवा

सीओटूचा दाब तापमानावर चालतो. २१ अंशांना सुमारे ८५० पीएसआय (दाबाचं एकक), थंडीत त्याहून बराच खाली, उन्हात ठेवलेल्या टाकीत बराच वर. सकाळी क्रोनोवर लावलेला वेग दुपारी मर्यादा ओलांडतो आणि संध्याकाळी गोळी आखूड पडते. १२ ग्रॅमच्या नळकांडीवर हौसेने खेळणं वेगळं, पण एका गोळीवर खेळणाऱ्याने शक्य असेल तर दाबाखालची साधी हवा, म्हणजे एचपीए घ्यावी. तिच्या टाकीवरचा रेग्युलेटर बाहेर एकसारखा दाब देतो.

टाकीचा आकार भूमिकेप्रमाणे घ्या. १३ घनइंच, ३००० पीएसआयची छोटी टाकी शंभराच्या आसपास गोळ्या देते. स्नायपरला तेवढ्या पुष्कळ, आणि काही मार्करमध्ये ती दस्त्याच्या आतच बसते. ४८ घनइंच, ३००० ची ॲल्युमिनियमची टाकी चारएकशे गोळ्यांना पुरते, पण वजनदार असते. ती पाठीवर ठेवून नळीने जोडता येते. नळी मात्र काटेरी झुडपात अडकते आणि सरपटताना ओढ लावते, म्हणून ती खांद्यावरून, कपड्यांच्या आतून न्या. नळी काढण्यापूर्वी तिच्यातली कोंडलेली हवा सोडून द्या.

टाकी भरायच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. जास्त दाबाची हवा झपाट्याने आत शिरताना तापते आणि तेल पेट घेऊ शकतं. एचपीएच्या टाकीत सीओटू भरू नका. टाकीवर छापलेली चाचणीची तारीख उलटली असेल तर ती कुणी भरून दिली तरी वापरू नका.

पहिल्या गोळीची परीक्षा

नवीन असो वा जुना, मार्कर पक्का करण्यापूर्वी ही चाचणी कराच. दुकानदार किंवा विकणारा याला तयार नसेल, तर दुसरा मार्कर बघा.

बोअर जुळवून, एकाच पिशवीतल्या गोळ्या भरून क्रोनोसमोर उभे राहा. १० सेकंदांच्या अंतराने ६ गोळ्या झाडा आणि वेग लिहून ठेवा. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा यांत ८-१० एफपीएसपेक्षा जास्त फरक नसावा. आता टाकी उघडी, हवा भरलेली, ट्रिगरला हात नाही, अशा अवस्थेत मार्कर ५ मिनिटं ठेवा. मग एकच गोळी. पुन्हा ५ मिनिटं, एक गोळी. एकदा १० मिनिटं थांबूनही पाहा. या गोळ्या सुरुवातीच्या सरासरीच्या ५ एफपीएस आत असतील तर उत्तम.

१० एफपीएसचा फरक म्हटला तर किरकोळ वाटतो. पण ३० मीटरवर त्याने गोळी ६-७ सेंटीमीटर खाली-वर होते आणि ५० मीटरवर पाव मीटरहून जास्त. त्यात गोळीचं स्वतःचं भरकटणं वेगळं.

थांबल्यावर वेग खाली आला तर बोल्टवरच्या ओ-रिंग (रबरी कड्या) चिकटल्या आहेत. स्पूल वाल्वच्या, म्हणजे बोल्टच वाल्वचं काम करतो अशा, मार्करमध्ये हे जास्त दिसतं: रबर एका जागी बसून राहतं, पहिल्या वेळी बोल्ट आळसाने हलतो, हवा अपुरी सुटते आणि दुसऱ्या गोळीपासून सगळं सुरळीत. बोल्ट काढून जुनं ग्रीस पुसा, उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस पातळ थराने लावा, चिरलेली किंवा फुगलेली ओ-रिंग बदला. इलेक्ट्रॉनिक मार्कर असेल तर वाल्व उघडा राहण्याचा वेळ, म्हणजे ड्वेल, एकेक मिलिसेकंदाने वाढवून पुन्हा मोजा.

थांबल्यावर वेग वर गेला तर रेग्युलेटर गळतोय. आतली सील पूर्ण बंद होत नाही आणि बाहेरचा दाब हळूहळू चढत राहतो. पहिली गोळी नेमापेक्षा वर जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे वेगमर्यादा ओलांडते. दुरुस्ती म्हणजे रेग्युलेटर उघडून स्वच्छ करणं आणि सील बदलणं. टाकीचा रेग्युलेटर दोषी आहे की मार्करचा, हे दुसरी टाकी लावून लगेच कळतं. टाकीचाच असेल तर तो घरी उघडू नका, जाणकाराकडे द्या.

एकेक गोळी भलतीच हळू आणि दुसरी भलतीच वेगवान असेल, कधी दोन गोळ्या एकदम सुटत असतील, तर गोळी अडवणारा डिटेंट झिजला आहे. भाग छोटा, किंमतही छोटी, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मास्क, दस्ता, साइट

स्कोप घेताना मास्क घालूनच घ्या. मास्कमुळे गाल दस्त्याला टेकत नाही, डोळा साइटपासून वर आणि लांब राहतो. रायफलीसाठी केलेला स्कोप त्यामुळे बहुतेक वेळा काळं वर्तुळ दाखवतो. डोळा लांब असला तरी पूर्ण चित्र देणारा, चित्र मोठं न करणारा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट) सर्वांत सोयीचा. फर्स्ट स्ट्राइक वापरणार असाल तर जास्तीत जास्त १ ते ४ पटींचा स्कोप पाहा. साइटखाली उंचवटा देणारा तुकडा लागेल, नाहीतर खाली वाकवलेला दस्ता. मान आखडून नेम धरावा लागत असेल तर पाच मिनिटांत हात थरथरू लागतो.

नऊ पटींचा स्कोप लावला की ७० मीटरवरचा खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतो आणि गोळी मात्र वाटेतच जमिनीवर पडते. त्यात नजर एका छोट्या गोलात अडकते आणि बाजूने येणारा दिसत नाही. स्कोपची काच उन्हात चमकते. पुढे जाळीदार झाकण बसवा.

मास्क दुहेरी काचेचाच हवा. पडून, हळू श्वास घेत, एका जागी थांबलेल्या माणसाच्या मास्कवर पळणाऱ्यापेक्षा लवकर वाफ धरते, आणि वाफ पुसायला मास्क उचलणं मैदानावर कधीच चालत नाही. बजेट तोकडं असेल तर साइट टाळा, मास्क टाळू नका.

आवाज आणि ठसा

इलेक्ट्रॉनिक हॉपरची मोटर शांत जंगलात लांबवर ऐकू येते. हॉपर वापरायचाच असेल तर छोटा, मोटर नसलेला, पूर्ण भरलेला घ्या. अर्धा रिकामा झाला की चालताना खडखडतो. पंपाचा दांडा, मॅगझिनचा खटका, पट्ट्याच्या कड्या यांचे आवाज एकदा घरी बसून ऐका आणि कड्यांना कापडी पट्टी गुंडाळा. बॅरलला लावायचे नकली सायलेन्सर बहुधा रिकामे डबे असतात, वजन तेवढं वाढवतात. खरोखर आवाज दाबणाऱ्या जोडण्यांवर अनेक ठिकाणी कायद्याचे निर्बंध आहेत, त्या वाटेला जाऊ नका. चमकदार रंगाच्या मार्करवर मॅट कापडी पट्टी पुरते. रंग फवारायचा असेल तर आटे, बोल्टचा मार्ग आणि हवेची भोकं आधी झाका.

पेंट

एका खेळात वीस गोळ्या झाडणाऱ्याने पेंटमध्ये काटकसर करण्याचं कारण नाही. चांगल्या दर्जाची, ताजी पिशवी घ्या. गोळी तळहातावर फिरवून पाहा: खळगा, फुगलेली शिवण, तेलकट डाग असेल तर बाजूला काढा. मापाच्या नळीतून एकेक गोळी घालून एकसारख्या वेगळ्या काढणं कंटाळवाणं काम आहे, पण वेगातली तफावत त्याने जितकी कमी होते तितकी दुसऱ्या कुठल्याही स्वस्त उपायाने होत नाही. ठिसूळपणा पाहायला खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर गोळी सोडा. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात फुटली तर लांबच्या अंतरावरही फुटेल. पाच-सहा वेळा उसळत राहिली तर ती भाड्याच्या मार्करसाठी ठीक. गोळ्या सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि पिशवी दर काही दिवसांनी पालथी करा, नाहीतर खालच्या बाजूने चपट्या होतात.

नेम बसवणं

वेग मैदानाच्या मर्यादेपेक्षा ५ एफपीएस खाली ठेवून सुरुवात करा, म्हणजे ऊन चढल्यावर परत क्रोनोकडे धावावं लागणार नाही. पुठ्ठ्यावर माणसाच्या धडाएवढी, ४५ सेंटीमीटर रुंद चौकट काढा. मार्कर पिशवीवर टेकवून २० मीटरवरून १० गोळ्या झाडा. साइट प्रत्येक गोळीनंतर फिरवू नका, दहांच्या मध्यावर फिरवा. मग ३० मीटरवर तेच करून साइट तिथे पक्की करा. ४० मीटरवर साइटला हात न लावता किती वर धरावं लागतं ते पाहून मॅगझिनवर किंवा दस्त्यावर लिहून ठेवा.

आता अंतर ५-५ मीटरने वाढवत न्या. ज्या अंतरापर्यंत १० पैकी ८ गोळ्या चौकटीत बसतात, तीच तुमची हद्द. समोरचा त्यापलीकडे असेल तर ट्रिगर ओढण्याऐवजी सरपटत पुढे जा. फर्स्ट स्ट्राइक आणि साध्या गोळीची नोंद वेगळी ठेवा, कारण एकीवर बसवलेली साइट दुसरीला लागू पडत नाही. वेगही दोन्हींचा वेगळा मोजा. गोळी बदलली आणि क्रोनो केला नाही, तर मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता असते.

जुना घेताना

पैसे देण्यापूर्वी टाकी लावून मार्कर कानाशी धरा. बारीक फुसफुस ऐकू आली तर कुठून येते ते साबणाच्या फेसाने शोधा. ओ-रिंगची गळती अर्ध्या तासाचं काम, बॉडीला पडलेली चीर म्हणजे परत द्यायची गोष्ट. बॅरल काढून उजेडात आत पाहा, नखाला लागणारा ओरखडा असेल तर तो सोडा. ओ-रिंग आणि सील यांचा संच आजही मिळतो का, हे विचारा. बंद पडलेल्या मॉडेलचा मार्कर कितीही देखणा असला तरी सुट्या भागांविना तो पहिल्या गळतीनंतर कपाटात जातो. मॅगझिनवाला असेल तर प्रत्येक मॅगझिन भरून, सगळ्या गोळ्या झाडून पाहा. ओठ वाकलेलं एखादं मॅगझिन नेमकं खेळातच अडतं. चाचणीभर बॅरलवर कापडी टोपी आणि डोळ्यांवर मास्क, हे विकणाऱ्यालाही लागू.